डोहातले मासे आणि कोरा फॉर्म

बारावीनंतर मला दोन कॉलेजांत जागा मिळत होती. पेणला साधी बी.एस्सी., म्हणजे भौतिक, रसायन, जीवशास्त्र सगळं थोडं थोडं. रोह्याला नुसती जीवशास्त्राची पदवी. वडील जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करत. त्यांनी निर्णय माझ्यावर सोडला. मला किडे, बेडूक, मासे यांचंच वेड, त्यामुळे रोह्याचं ठरल्यातच जमा होतं. फॉर्म भरायला मी आदल्या दिवशीच रोह्याला आत्याकडे मुक्कामाला गेले.

सकाळी आम्ही दोघी ओढ्यावर धुणं घेऊन गेलो. आषाढाचे दिवस, आणि एकही बेडूक ओरडत नव्हता. ओढ्यातल्या डोहात पन्नासेक मासे पाण्याबाहेर तोंडं काढून स्तब्ध होते. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आमच्याकडे. कल्ले तेवढे हलत होते. मी पाण्यात हात घातला. एकही पळाला नाही. एकाच्या पाठीवरून बोट फिरवलं, तरी तो तसाच.

“हात काढ गो,” आत्या हळूच म्हणाली. “चल घरी.”

धुणं तसंच परत आलं.

मग फॉर्म घेऊन मी रोह्याच्या कॉलेजात गेले आणि तिथल्या जीवशास्त्राच्या सरांना हे सांगितलं.

“मेले होते का?”

“नाय सर. बघत होते.”

ते हसले नाहीत. “मासा फाडून मासा कळेल. पण पाण्याला काय झालंय ते कळायला हवं असेल, तर रसायन सोडू नकोस.”

फॉर्म कोराच पर्समध्ये ठेवून मी दुपारी एकटी डोहावर गेले. लांबूनच बेडकांचा गलका ऐकू येत होता. मी काठाशी पोचले आणि सगळे एकदम गप्प झाले. पाणी नितळ होतं. जिवंत नाही, मेलेला नाही, एकही मासा नव्हता. काठावर साधा कावळाही नव्हता.

मी पेणला नाव घातलं. पुढे वीसेक वर्षं पाणी तपासण्याचंच काम केलं. प्राणवायू कमी पडला की मासे तोंड वर काढतात, हे मी कितीतरी गावांत समजावून सांगितलं. पण बोट लागताच तसे मासेही दचकतात. त्या सकाळी बाटलीभर पाणी घ्यायचं मला सुचलं नाही, ही चुटपुट राहिली.

आत्या त्यानंतर कधी त्या ओढ्यावर गेली नाही.