चांदणीवरची लांबी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, आपल्या नवऱ्याचं सगळं आपल्याला माहीत आहे, आणि मी तसं वाटू देतो. देवापुढे उभा राहिलो तरी या गोष्टीपाशी आलं की मन झटकन दुसरीकडे वळवतो — पोरांचं मागतो, दुकानाचं मागतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक एवढंच कारण. आणि भीती. भीती आता म्हातारपणी पेलवेना झाली आहे.

आधी मी कोण ते ऐका. उद्यमनगरात माझं मोटारसायकलींच्या स्पेअर पार्टचं दुकान. सगळे बापू म्हणतात. कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं वेड असलेली जी मंडळी होती, त्यांच्यात माझं एक नाव होतं — बापू इंजिनाला हात लावून साल सांगतो. कुणी आजोबांची बुलेट घेऊन यायचा. मी टाकीवरून हात फिरवायचो, मडगार्डखाली वाकून बघायचो, थोडा वेळ गप्प उभा राहायचो आणि मग साल सांगायचो. ते गप्प उभं राहणं म्हणजे निव्वळ नाटक हो! साल मला आधीच कळलेलं असायचं. पण तेवढा वेळ चारचौघं श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघायची ना — त्याची मला चटक लागली होती.

बसवराज माझा शाळेपासूनचा मित्र. कापडाचा व्यापारी. सगळे त्याला बसूअण्णा म्हणायचे, मी नुसतं बसू. नव्वदच्या दशकात त्यानं पेठ वडगावातल्या एका गोदामातून एक इटालियन मोटारसायकल उचलली. कुणी परदेशी इंजिनीअर कारखान्यात मशिनरी बसवायला आला होता, जाताना ती इथंच टाकून गेला, असं गोदामवाला म्हणाला. कागद म्हणाल तर एकच पुस्तक, त्यात इकडे पासिंग झाल्याचं साल. गाडी इटलीत कधी बनली, ते कुठंच नाही. गाडी मात्र विलक्षण! इंजिनाच्या डाव्या बाजूला, अगदी उघड्यावर, भाकरीच्या परातीएवढं लोखंडी चाक. फ्लायव्हील. आपल्या गाड्यांत ते आत झाकलेलं असतं, हिच्यात ते बाहेर गरगर फिरायचं. चालवणाऱ्याच्या पायाशेजारीच.

गाडी टेम्पोतून थेट आमच्या तालमीसमोर उतरली. सगळी पेठ गोळा झाली. आणि बसू मोठ्यानं म्हणाला, "आता बापू साल सांगणार!"

खरं सांगू? मी तसली गाडी जन्मात पाहिली नव्हती. रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकात एक फोटो पाहिला होता, तेवढंच. त्याच वेळी मी "बघून सांगतो" म्हणालो असतो तर कुणी मला फासावर दिलं नसतं. पण मी हात फिरवला, वाकलो, गप्प उभा राहिलो आणि म्हणालो, "सत्तावन्न."

तालमीच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं, "कशावरनं ओ बापू?"

"साल चुकलं तर मिशी काढतो!" मी ठोकून दिलं.

संपलं. आमच्याकडे तालमीसमोर दिलेला शब्द मागं घेता येत नाही. माणूस एक वेळ जमीन हरेल, पण मिशीची पैज हरला तर त्याची नातवंडंसुद्धा त्यावरनं चिडवली जातात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बसूनं पेंटरला बोलावून पुढच्या मडगार्डवर पांढऱ्या अक्षरात १९५७ लिहून घेतलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

गाडी उघडायचं काम इकबाल मिस्त्रीकडे दिलं. माझ्या दुकानाला लागूनच त्याचा गाळा. शांत माणूस, हाताला चांगला. फ्लायव्हील ज्या लोखंडी चावीवर पक्कं बसतं — चावी म्हणजे बोटाच्या पेराएवढा पोलादी तुकडा — ती झिजली होती. नवी हवी होती. मुंबईच्या एका जुन्या पार्टवाल्याला मी फोन लावला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, साल? मी सांगितलं. तो म्हणाला, एकदा खात्री करून घ्या, इंजिननंबरच्या आधी चांदणी ठोकलेली असेल तर गाडी सत्तावन्नच्या आधीच्या बनावटीची. त्या गाड्यांची चावी जाड. पुढं कंपनीनं ती बारीक केली.

शुक्रवारची दुपार होती. इकबाल नमाजला गेलेला. मी रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेऊन खाली बसलो. नंबरावर रंगाचे थरच्या थर होते. घासत गेलो. आधी आकडे दिसले. मग आकड्यांच्या डाव्या अंगाला काहीतरी टोकदार लागलं — आणि आणखी घासलं तर चांदणी. तांदळाच्या दाण्याएवढी. स्वच्छ, पाच टोकांची.

माझे कान तापले. पार्टची काळजी मनात आलीच नाही, विश्वास ठेवा. मला तालमीची पायरी दिसली. न्हाव्याची खुर्ची बाहेर रस्त्यावर आणतील, पोरं शिट्ट्या मारतील, हेच दिसलं. एवढ्याची भीती! पन्नाशीला टेकलेला माणूस मी, आणि हसतील म्हणून घाम फुटला.

इकबालच्या फळीवर लांबीचा डबा होता — पत्र्यातले खड्डे बुजवायला भरतात ती लांबी. बोटानं घेतली. चांदणीवर दाबली. वरून काळा रंग मारला. इकबाल परत आला तेव्हा मी माझ्या गल्ल्यावर बसून चहा पीत होतो.

मनात आलं होतं — चांदणी लपली तर लपू दे, निदान चावी तरी गुपचूप जाड मागवावी. पण पार्सल बसूच्या दुकानावर येणार होतं आणि त्यावर साल लिहिलेलं असणार होतं. म्हणून सत्तावन्नचीच, बारीक, मागवली. 

ती आली. इकबालनं बसवून बघितली, काढली, पुन्हा बसवली. मग मला हाक मारली.

"बापू, ही हालत्या की ओ. केसभरच, पर हालत्या."

"त्या सालाची तशीच असत्या," मी म्हणालो. "वरनं नट आवळला की गप बसत्या."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत शंका असती तर आज मला बरं वाटलं असतं. पण नव्हती. "तुमी म्हणताय म्हंजे बरोबरच आसणार," एवढं बोलून त्यानं नट आवळायला घेतला.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. हार, लिंबू, नारळ. बसू तिच्यावर बसून पेठेत फिरला. मी रोज सकाळी त्याच्या दारावरून जायचो आणि गाडी धडधाकट उभी दिसली की सुटकेचा श्वास सोडायचो. असे आठवडे गेले. हळूहळू मी स्वतःला पटवलंसुद्धा — केसभराचं काय एवढं?

मग एका रविवारी आम्ही दोघं उचगावकडे निघालो. बसू पुढं त्या गाडीवर, मी मागं माझ्या स्कूटरवर. वस्ती विरळ झाली तशी त्यानं गाडी पळवली. आणि मला आवाज ऐकू आला. टक. टक. टक. इंजिनाच्या ठोक्यात मिसळलेला, पण वेगळा. ज्याला माहीत आहे त्यालाच कळावा असा.

मला माहीत होतं.

हे लिहिताना हात थांबतोय. मी हॉर्न द्यायला हवा होता की नको? नुसता हॉर्न! तो थांबला असता. पण थांबून "काय रे बापू?" म्हणाला असता, आणि मी काय सांगणार होतो? आवाज कसला, चावी कसली, ढिली का — एक धागा ओढला की सगळं उसवणार होतं. घरी पोचेपर्यंत टिकेल, उद्या काहीतरी निमित्त काढून गाडी उघडू, असं मी म्हणत राहिलो. अंगठा हॉर्नवर होता. मी तो दाबला नाही.

फ्लायव्हील निघालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आधी बसूच्या पायावर आदळलं, मग रस्त्यावर पडलं आणि उभंच गडगडत गेलं. एसटीच्या थांब्यावर बायका उभ्या होत्या, कडेवर मुलं. त्यांच्या पुढ्यातून ते गेलं आणि गटारात पडलं. गाडी आडवी झाली. बसू ओरडत नव्हता. त्याची पँट गुडघ्याखाली भिजत चालली होती आणि तो मलाच विचारत होता, "बापू, काय झालं रे? काय झालं?"

पाय राहिला. पण हाडाचा चुरा झाला होता, आत सळी बसली. त्यानंतर बसू कधी मांडी घालून पंगतीत बसला नाही. लग्नाकार्यात त्याला वेगळी खुर्ची मांडतात आणि तो थट्टा करतो, "आमचं व्हीआयपी ताट."

पण मला जे सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे.

दवाखान्याच्या आवारात बसूचे भाऊ, तालमीतली मंडळी, सगळे जमलेले. इकबालही आला होता, अंगावर तेच कामाचे कपडे. थोरल्या भावानं तुटलेली चावी आणली होती, रुमालात. ती त्यानं माझ्या हातावर ठेवली. "बापू, तुमीच बघा. चूक कुणाची?"

सगळे गप्प झाले. माझ्या तोंडाकडे बघू लागले. आणि मी — देवा — मी तेच केलं जे नेहमी करायचो. चावी उलटीसुलटी केली, उजेडात धरली, थोडा वेळ गप्प उभा राहिलो. मग म्हणालो, "फिटिंगची चूक."

इकबाल काही बोलला नाही. मी त्या क्षणाची वाट बघत होतो, की हा आता म्हणणार, बापूंनीच सांगितलं होतं. पण त्यानं नुसती मान खाली घातली. थोरल्या भावानं त्याच्या अंगावर धावून जाऊन कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. सोडवणाऱ्यांत मीही होतो.

त्यानंतर त्याच्या गाळ्याकडे कुणी फिरकेना. ज्यानं बसूअण्णाचा पाय घालवला त्याच्याकडं गाडी कोण देईल? लवकरच त्यानं गाळा सोडला. राधानगरीकडं सासुरवाडी होती, तिकडं गेला म्हणे. शेतीपंप दुरुस्त करतो म्हणे. मी त्या गाळ्याची भिंत पाडून माझं दुकान वाढवलं. हेही सांगून टाकतो.

मग काय, सुटलो? छे. गाडी बसूनं विकली नाही, धुऊनपुसून दिवाणखान्यात उभी केली. जो पाहुणा येईल तो तिच्यापुढं वाकून बघायचा, आणि माझा जीव त्या लांबीपाशी जायचा. दोन हजारच्या नंतर तर इंटरनेट आलं. पुण्याचा एक मुलगा गाडी बघायला आला, कागदावर फोटो छापून आणलेले. म्हणाला, "काका, ही सत्तावन्नची वाटत नाही हो. आधीची असावी. नंबर जरा खरवडून बघू?" मी हातातली कपबशी खाली ठेवली. बसू हसला. "बापूनं सांगितलंय. विषय संपला." मुलगा वरमला. त्या दिवशी मला चारचौघांत रडू आलं असतं.

त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर मी एकटाच राधानगरीला गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. शब्दही जुळवले होते — इकबाल, चावी तुझी चुकली नव्हती, माझी चुकली होती. रस्ताभर तेच घोकत होतो.

रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, बाहेर दोन उघडलेले पंप. त्याची दाढी पांढरी झाली होती. मला बघून तो इतका घाबरा झाला की हातातला पाना खाली पडला. स्टूल पुसून दिलं. चहा सांगितला. आणि मी तोंड उघडायच्या आत तोच बोलायला लागला.

"बापू, बसूअण्णास्नी तोंड दावायला हुईना म्हणून तिकडं आलो न्हाय मी. तुमी सांगितलेलं बरोबरच हुतं. नट आवळला की बसणारच हुती ती. मीच कमी आवळला आसणार. आजबी चावी बसवायची म्हटली की हात कापतोय माझा. पोराला बसवाय लावतो."

इतकी वर्षं मला वाटायचं, तो ओळखून आहे आणि मला वाचवतोय. तसं काहीच नव्हतं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता. पहिल्या दिवशीसारखाच.

शब्द जुळवलेले होते. अगदी जिभेवर होते. पण समोरचा माणूस स्वतःच सगळं अंगावर घेऊन बसला होता, आणि मला — काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. आता कुणालाच कधी कळणार नाही, हे एकदम लक्षात आलं, आणि छातीवरचं ओझं उतरलं.

मी चहा संपवला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे इकबाल. माणसाच्या हातनं चूक होते. आम्ही कवाच माफ केलंय तुला."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मी लावू दिले.