मागचा स्विच

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, सगळा बाजार फुंकरकाका म्हणतो. बंद पडलेला कॉम्प्युटर समोर आला की ते झाकण काढून आत एक जोरदार फुंकर मारतात, आणि निम्मी मशिनं तेवढ्यानेच सुरू होतात, असा त्यांचा दावा आहे. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. फोन उचलला की 'हॅलो'च्या आधी विचारणार, "मागचा स्विच बघितला का?" आत वीज घेणाऱ्या पेटीला मागे एक छोटा स्विच असतो, तो बंद राहिला की लोक मशीन मेलं म्हणून रडत येतात. एकदा माझ्या आईने तब्येत विचारायला फोन केला, तर तिलाही यांनी स्विच बघायला पाठवलं.

अलीकडे मात्र मला हसू येईनासं झालं होतं. चहाची गाळणी स्क्रूच्या खणात सापडली. एका गिऱ्हाइकाशी मनसोक्त गप्पा मारल्या आणि तो गेल्यावर मला विचारलं, "हा कोण होता गं?" नवऱ्यालाही कुणकुण लागली. तो म्हणाला, "एक चूक दिसली की दुकान बंद. विजेशी खेळ आहे हा." तेव्हापासून मी दुकानात बसते. नाव बिलं करण्याचं, काम पहाऱ्याचं. दुकान गेलं तर हा माणूस भिंतीकडे बघत बसेल, आणि राहिलं तर एक दिवस भलतंच काही होईल.

त्या दुपारी फोटोवाला आपला जुना डेस्कटॉप उचलून घेऊन आला. फोटोवाला म्हणजे माझ्या नवऱ्याचा जिवलग मित्र आणि पोटात काही न राहणारा माणूस.

"काका, बटण दाबलं तरी ढिम्म हलत नाही."

बाबांनी सवयीने मागचा स्विच बंद केला, वायर काढली, झाकण उघडलं, फुंकर मारली. रॅमच्या पट्ट्या पुसून परत बसवल्या. पुढच्या बटणाची तार निसटली होती, ती नीट दाबली. झालं काम, असं मी मनात म्हटलं. त्यांनी वायर जोडली, बटण दाबलं.

काही नाही. ना दिवा, ना पंखा.

मला लगेच कळलं. मागचा स्विच तसाच बंद होता. आठवेल त्यांना आत्ता, म्हणून मी गप्प बसले. फोटोवाल्यासमोर कसं बोलणार? संध्याकाळच्या आत बातमी घरी पोचली असती. बाबांनी वायर बदलली. बोर्डावरची छोटी बॅटरी बदलली. पुन्हा पट्ट्या काढल्या, पुन्हा बसवल्या. कपाळावर घाम आला होता. ते मशीनकडे असे बघत होते, जणू ते कुणा परक्याच्या घरात शिरलेत.

मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि त्या वीज घेणाऱ्या पेटीचा स्क्रू फिरवायला घेतला.

ही पेटी उघडायची नाही, हा त्यांनी मला दिलेला पहिला धडा. वायर काढली तरी आत करंट दबा धरून बसलेला असतो म्हणायचे. आणि आत्ता तर वायर जोडलेलीच होती. एक स्क्रू टेबलावर पडला. दुसरा पडला.

"बाबा, हात!"

मी ओरडले आणि त्यांचं मनगट धरून मागे ओढलं. दुसऱ्या हाताने मागचा स्विच दाबला, मग पुढचं बटण. पंखा घरघरला. पडदा उजळला.

"मानलं काका!" फोटोवाला खूश. त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"माझाच हात लागला असेल स्विचला, मघाशी पुसताना," मी म्हणाले.

फोटोवाला मशीन घेऊन गेल्यावरही बाबा त्या दोन सुट्या स्क्रूंकडे बघत बसले. ते लावायचे राहूनच गेले होते.

"तुझा हात नव्हता लागला," ते म्हणाले. मग स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात ठेवला. "आजपासून मशीन तू उघड. मी शेजारी बसून सांगेन. हा मात्र मला द्यायचा नाही."

"बरं."

"मी रागावलो, हट्ट केला, तरी नाही. आणि पोरी, हे मीच सांगितलं होतं, असं तेव्हा मला सांग. मला आठवणार नाही."