लाँड्रीवाल्या दादांचा स्पंज

प्रौढ साक्षरता वर्गात लाँड्रीवाले दादा माझ्या शेजारच्या बाकावर बसत असत. तेथेच आमची ओळख झाली. चाळीस वर्षे त्यांनी लोकांचे कपडे धुतले. पत्नी गेल्यावर घर खायला उठले, म्हणून त्यांनी काचेची टाकी आणून त्यात निऑन जातीचे बारा चमकते मासे पाळले. मासे नखाएवढे आणि फार नाजूक. दादा टाकीसमोर बसूनच जेवत आणि भाजीत मीठ कमी पडल्याची तक्रारही माशांकडेच करीत.

एकदा टाकीतले पाणी गाळणाऱ्या फिल्टरमधला स्पंज काळपट दिसला. डाग दिसल्यावर दादांचा हात स्वस्थ बसत नसे. त्यांनी तो नळाखाली चोळचोळून लख्ख केला. चार दिवसांत आठ मासे गेले.

माशांच्या टाक्या विकणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो दादा, पाण्यातली घाण खाणारे सूक्ष्म जीव त्या स्पंजातच राहतात! तुम्ही त्यांचा संसारच धुऊन टाकलात. टाकीतून काढलेल्या पाण्यात तो नुसता पिळायचा असतो.”

“जन्मभर डाग काढले, बाई,” दादा म्हणाले, “हा एवढा एकच ठेवायचा होता.”

उरलेल्या चौघांना त्यांनी जिवापाड जपले. पुढे शस्त्रक्रियेसाठी दादांना आठ दिवस दवाखान्यात राहावे लागणार होते. सोबतीला कोण येणार, असे मी विचारले. त्यांनी घराची किल्ली माझ्या वहीवर ठेवली.

“ताई, रोज चिमूटभर खाणं घाला. आणि स्पंज काळा दिसला, तरी धुऊ नका.”