खिडकीवर न सांगितलेलं नाव

मागच्या मार्चमधल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी नऊला, ठेकेदारासमोर, मी पाचशे रुपये एका बाईच्या हातात दिले. बोरगाव मेघेत माझ्या घराचा गिलावा करणारा तिचा नवरा तापाने फणफणला होता. जोडपं मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडचं. दोघांना ऑटोने दवाखान्यात पाठवलं.

बारा वाजता मी तिथे गेलो, तर ती केस पेपरच्या खिडकीजवळ तशीच उभी होती. तो भिंतीशी लादीवर पडून बरळत होता.

"काका, तीनदा इचारलं. बाई पेशंटचं नावच सांगून नाई राह्यली," खिडकीतला कारकून म्हणाला.

ती पदराआडून पुटपुटली, "अपने आदमी का नाम कैसे लूँ, भैया?"

"मंग तुमीच सांगा," कारकून मला म्हणाला.

दोन महिन्यांत आलेली सिमेंटची एकशे चाळीस पोती मला पाठ होती. त्या माणसाचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं. ठेकेदारालाही फोनवर 'बालाघाटवाला' एवढंच सांगता आलं.

शेवटी नवऱ्याच्या खिशातल्या साध्या मोबाईलवरून मी गावी त्याच्या आईला फोन लावला. आईने नाव सांगितलं, कारकुनाने लिहून घेतलं आणि डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं. केस पेपरचे दहा रुपये त्या बाईने सकाळी मी दिलेल्या पाचशेतून स्वतः खिडकीवर भरले.