ताफ्यातली शेवटची बोट

परवा बंदराच्या रस्त्यावर एक वृद्ध गृहस्थ मागे राहिलेल्या पत्नीसाठी थांबलेले दिसले आणि मला रत्नागिरीचे आमचे शेजारी, काका, आठवले. काकूंचे गुडघे दुखत. समुद्रावर फिरायला निघाले की थोड्याच वेळात त्या म्हणत, "तुम्ही व्हा पुढे, मी येते सावकाश." काका तिथेच थांबत.

"मी काय तुमची मालबोट आहे, राखण करायला?" काकू चिडवत.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी काका मालबोटींच्या ताफ्याला सोबत करणाऱ्या युद्धनौकेवर होते. दिवसभर दुर्बिणीतून बोटींवर नजर ठेवायची आणि रांग सोडणारीला निशाणांनी बोलवायचे, हे त्यांचे काम. सर्वांत संथ बोटीच्या गतीने साऱ्या ताफ्याने चालायचे, असा नियम होता. तो मला फार मायाळू वाटतो, असे मी एकदा संकोचत म्हटले.

"तोही एकदा अपुरा पडला," काका म्हणाले. "भर दुपारी एका बोटीचे इंजिन बंद पडले. आम्हाला थांबायचा हुकूम नव्हता. तिनेच निशाण चढवले, तुम्ही व्हा पुढे. आम्ही झालो."

ती बोट बंदराला लागली की नाही, हे त्यांना कधीच कळले नाही.

त्यानंतर माझ्या ध्यानात आले, की मावळतीचे आकाश कितीही सुंदर असो, काका त्याच्याकडे पाठ करून काकूंकडे पाहत उभे असत. काकू जवळ येत, त्यांच्या दंडाला धरत आणि म्हणत, "लागली हो तुमची मालबोट धक्क्याला."

मगच काका पुढचे पाऊल टाकत.