टाकीवाल्याच्या बैठका

टाकीवाल्याचं पोट टाकीच्या तोंडात अडकलं, तो दिवस त्याच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस, असं त्याची बायको सांगायची. आणि सांगताना तिला हसू आवरायचं नाही. इमारतींच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या धुणं हा त्याचा धंदा. टाकी रिकामी करायची, वरच्या तोंडातून आत उतरायचं, तळाचा गाळ खरवडायचा, भिंती घासायच्या. तर त्या दिवशी साहेब कमरेपर्यंत आत गेले आणि तिथेच रुतले. ना खाली, ना वर. शेवटी इमारतीच्या सेक्रेटरीबाईंनी भांडी घासायचा साबण आणून दिला आणि मेव्हण्याने काखेत हात घालून त्याला बाहेर खेचला.

त्यानंतर आत उतरायचं काम मेव्हण्याकडे गेलं. हा बायकोचा धाकटा भाऊ, धंद्यातला भागीदार, अंगाने नुसती काडी. टाकीवाला वर उभा राहून गाळाच्या बादल्या ओढायचा. तुम्ही म्हणाल, बरं झालं, सुटला. अहो, कसला सुटला! टाकीत त्याचा जीव होता. घरी तो गायला लागला की बायको मिक्सर चालू करायची, पण टाकीत त्याचा आवाज असा घुमायचा की त्याचा त्यालाच हेवा वाटायचा. वर बादल्या ओढताना त्याला चक्क रडू यायचं. मेव्हण्याने आपली जागा बळकावली, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पोट उतरवायचंच, असं ठरवून त्याने आपल्या थोरल्या बहिणीला, ताईला विचारलं. ताई शाळेत पीटी शिकवायची. तिच्या शिट्टीला मुलं तर सोडाच, हेडमास्तरही टरकायचे.

"पळ, पण एक दिवसाआड," ताई म्हणाली. "मधल्या दिवशी पायांचा व्यायाम. बैठका मार, हातात वजन घेऊन पायरी चढ-उतर कर. नुसता पळत सुटलास तर चरबीबरोबर मांड्यांची ताकदही जाईल, आणि गुडघे बोंबलतील ते वेगळंच. आणि आठवड्यातून एक दिवस मुकाट्याने घरी बस."

बैठका त्याने करून पाहिल्या, नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी संडासात बसताना त्याने अशी बोंब ठोकली की शेजारी धावत आले. वर वजनकाटा ढिम्म हलेना. पळण्याचं तसं नव्हतं. पळलं की घाम निघायचा, काटा खाली यायचा. "बैठकांनी कुणाचं पोट गेलंय?" म्हणत हा गडी रोज पळायला लागला. आराम नाही, काही नाही. ताईने फोनवर विचारलं, की "हो हो, चालू आहेत ना बैठका!" असं बिनदिक्कत ठोकून द्यायचा. जिना आता कठडा धरून चढावा लागत होता, पण पँट कमरेवरून घसरत होती ना, मग राजे खूश.

टाकीत पुन्हा उतरायला त्याने मुद्दाम तीच इमारत निवडली. सेक्रेटरीबाईंना बघू दे की! आणि उतरलाही, लोण्यातून सुरी जावी तसा. आत पाय टेकताच त्याने असा काही सूर लावला की बाई धावत गच्चीवर आल्या आणि कुणाला लागलंय का म्हणून विचारू लागल्या.

टाकी चकाचक झाली, आणि मग बाहेर यायची वेळ आली. आतल्या लोखंडी पायऱ्या कधीच्या गंजून तुटलेल्या. एकच उरली होती, तीही कमरेइतकी उंच. पूर्वी तो तिच्यावर पाय ठेवून, तोंडाचा काठ धरून एका दमात वर यायचा. आज पाय ठेवला, जोर लावला आणि मांडी लटलटायला लागली. पुन्हा लावला. गुडघ्यातून कळ आली आणि तो धपकन खाली बसला. मेव्हण्याने वरून ओढून पाहिलं, तर तोच आत यायला लागला. बाईंनी प्लास्टिकचं स्टूल दिलं, त्याने टाकीवाल्याला पाहताच पाय फाकवले.

"पाणी सोडा," बाई वैतागून म्हणाल्या. "तरंगेल आणि येईल वर."

पाणी हळूहळू चढत होतं. मेव्हणा तोंडाशी पालथा पडून आत बघत होता.

"भावोजी, भीती वाटते का?"

"टाकीची? मला? हट्!"

"मला वाटते," मेव्हणा म्हणाला. "दर वेळी वाटते. वरून कुणी झाकण लावलं तर, असं सारखं मनात येतं. तुम्ही पळायला लागलात ना, तेव्हा मी रोज म्हणायचो, पळा भावोजी, पळा, आणि सोडवा मला यातून."

"अरे, मग बोलायचं नाही का गाढवा!"

"माझ्या बहिणीनेच सांगितलं होतं, तुम्हाला वर बरं वाटतं म्हणून."

वर बादल्या ओढताना रडू येतं, हे बायकोला तरी त्याने कधी सांगितलं होतं? गार पाणी टाकीवाल्याच्या छातीपर्यंत आलं होतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तरंगत, धडपडत तो एकदाचा बाहेर आला. बाईंनी आत डोकावून पाहिलं. "तुम्ही आंघोळ केलेलं पाणी आम्ही प्यायचं का? परत धुवा."

टाकी पुन्हा रिकामी केली. टाकीवाल्याला उतरता आलं असतं, पण वर कोण काढणार? मेव्हणा पँट दुमडायला लागला. टाकीवाल्याने वाकून ते जड लोखंडी झाकण उचललं, लटपटत्या पायांनी गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं आणि त्याच्यावर बसला.

"झाकण माझ्या बुडाखाली आहे. उतर."

मेव्हणा उतरला. जरा वेळाने आतून आवाज आला, "भावोजी, आहात ना?"

टाकीवाला मांड्यांवर हात रेटत उठला, कण्हत टाकीपर्यंत गेला आणि आत तोंड दाखवलं. "आहे रे." परत येऊन बसतोय न बसतोय तोच पुन्हा हाक आली. तो पुन्हा उठला. टाकी धुऊन होईपर्यंत त्याचं हेच चाललं होतं, आणि एकदाही त्याने "आता पुरे" म्हटलं नाही.