सुजाताला नर्स होऊ देईनात!

छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी भज्यांखाली जाते आणि संपते. न छापलेली मात्र संपत नाही, ती टपरीवर सांगायला उरते. कोल्हापुरात आरोग्याच्या बातम्या करता करता माझे केस पिकले, त्यामुळे असला माल माझ्याकडे पोत्यानं आहे. पण अलीकडचा अर्धा माल एकाच पोरीनं घरपोच आणून दिला.

सुजाता. माझ्या चुलतभावाची मुलगी, शिरोळ तालुक्यातली. नर्सिंगच्या कोर्ससाठी आमच्याकडे राहायला आली. तिचं म्हणणं साधं होतं : सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स व्हायचं. तिच्या बापाचं, विलासचं, म्हणणं त्याहून साधं होतं. फोनवर ‘जयभीम, दादा’ म्हणायचा आणि पुढचं वाक्य ठरलेलं : "सरकारी ऑर्डर आली तर नोकरी, न्हाईतर लगीन!"

यात दुसऱ्या कुणाचं काही जात होतं का? पण नाही! जो भेटला तो आडवाच आला.

* * *

ॲडमिशनच्या वेळी प्राचार्यांनी मुलाखत घेतली. ‘नर्सच का व्हायचंय?’ हा प्रश्न. बाकीच्या मुली रुग्णसेवा, त्याग वगैरे पाठ करून आल्या होत्या. सुजाता म्हणाली, "पुरात आमच्या गावात बोटीतनं एक सिस्टर आलती, सर. सगळी माणसं शाळंत कोंबलेली. सरपंच भाषणच द्यायला लागलं. सिस्टर म्हणाली, ‘पावणं, आधी गप बसा आणि बाही वर करा.’"

"वा! म्हणजे तिथं सेवेची प्रेरणा मिळाली," प्राचार्य म्हणाले.

"न्हाई, सर. सरपंच गप बसलं की!"

* * *

कॉलेजात शिकवायला एक रबरी बाहुला होता. खऱ्या माणसाएवढा. त्याला इंजेक्शन टोचायचं, नाकातून नळी घालायची, छाती दाबायची, सगळं त्याच्यावर शिकायचं. निदान माहितीपत्रकात तसं छापलं होतं. प्रत्यक्षात बाहुला काचेच्या कपाटात. अंगावर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच, कपाटाला कुलूप.

मॅडम मुलींना कपाटासमोर रांगेत उभं करायच्या आणि लांबूनच पट्टीनं दाखवायच्या : "ही शीर. इथं टोचायचं. समजलं? चला, पुढची बॅच."

मी तरातरा प्राचार्यांकडे गेलो. "बाहुला कुलपात का?"

"मुली खराब करतात हो."

"मग उद्या माणसं खराब झाली तर चालतील का?"

त्यांनी बेल वाजवून माझ्यासाठी चहा मागवला. कोल्हापुरात अडचणीच्या प्रश्नाला एवढंच उत्तर मिळतं, आणि तेही गोड.

* * *

मग इन्स्पेक्शन आलं. कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल हवं, हा नियम. हॉस्पिटल होतं, खाटा होत्या, नव्याकोऱ्या चादरी होत्या. पेशंट तेवढे नव्हते!

आदल्या दिवशी मुलींना आजार वाटून दिले. सुजाताला अपेंडिक्स आलं. तिच्या मैत्रिणीला कावीळ हवी होती, तर मॅडम म्हणाल्या, "तू गोरी आहेस, तू न्यूमोनिया घे." सगळ्या मुली खाटांवर गेल्या, मग ड्युटीवर कोण? ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंना पांढरा ॲप्रन घालून उभं केलं.

तपासणीचे साहेब सुजाताच्या खाटेशी थांबले. "काय होतंय, बाळ?"

सुजाता अभ्यासू पोरगी. तिनं कुठं दुखतं, कसं सुरू झालं, ताप किती, उलट्या किती, दाबल्यावर काय आणि सोडल्यावर काय, सगळं क्रमानं सांगितलं. शेवटी गुंतागुंतही सांगितली आणि ऑपरेशननंतर घ्यायची काळजीही. साहेब टायपिस्ट बाईंकडे वळले. "सिस्टर, यांना काय देताय?" बाई घामाघूम. सुजातानंच उशीवरून औषधाचं नाव सांगितलं!

कॉलेज पास झालं. साहेबांनी जाताना खास शेरा मारला : ‘येथील रुग्णांना आजाराची उत्तम माहिती दिली जाते.’

मी बातमी लिहिली. झकास लिहिली. सकाळी पेपर उघडला तर पहिल्या पानावर त्याच कॉलेजची भली मोठी जाहिरात, आणि माझी बातमी आतल्या पानावरही नाही. संपादकांना विचारलं, तर म्हणाले, "जागा कुठं होती?"

* * *

सुट्टीत गावी गेली तर तिथं वेगळीच तऱ्हा. विलासची म्हैस आजारी. गुरांचा डॉक्टर लांब दुसऱ्या गावात अडकलेला. त्यानं फोनवर औषध सांगितलं, मात्रा सांगितली, औषध घरात होतंच. विलासनं सिरिंज पोरीच्या हातात दिली.

"बाबा, मी माणसांची नर्स हाय."

"कॉलेजात बाहुल्याला हात लावू देत न्हाईत म्हणतीस. माणसाला कोण लावू देणार? टोच!"

डॉक्टर फोनवर जागा सांगत राहिला आणि तिनं टोचलं. म्हशीनं रवंथसुद्धा थांबवला नाही.

झालं! संध्याकाळी दारात निम्मी गल्ली. "पोरीचा हात हलका हाय. म्हशीला कळलंबी न्हाई." कुणाला अशक्तपणा, कुणाला नुसतंच सलाईन हवं. सुजातानं हात जोडून सगळ्यांना परत पाठवलं. एक चुलते मात्र रुसले ते अजून बोलत नाहीत : "म्हशीला दिलीस, आमाला न्हाई व्हय?"

कॉलेजनं इतक्या दिवसांत दिला नाही तो दाखला म्हशीनं एका दिवसात दिला!

* * *

शेवटचं वर्ष सुरू झालं आणि विलासचा धीर सुटला. एक स्थळ आणलं. आमच्याच घरी बघण्याचा कार्यक्रम. पोरगा गप्प, पोराची आई बोलकी.

"आमाला नर्सच पायजे होती बघा. सासऱ्याला शुगर, मला बीपी, आजीला तर उठवून बसवाय लागतंय. फक्त नोकरी करायची न्हाई."

म्हणजे शिकून यायचं, आणि ते सगळं यांच्या उंबऱ्याच्या आत वापरायचं! माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुजातानं पोह्यांची बशी खाली ठेवली. "चालंल की. पर ड्युटी आठ तासांची आणि आठवड्याला एक सुट्टी. बघा, जमतंय का?"

विलासनं कपाळाला हात लावला. पोराच्या आईनं मात्र मनापासून विचार केला आणि म्हणाली, "सुट्टी कुठल्या वारी?"

* * *

सुजाता पास झाली. चांगल्या मार्कांनी झाली. आता नावनोंदणी, म्हणजे लायसन्स. त्याशिवाय कुणाला हात लावता येत नाही. कागद तपासणाऱ्या खिडकीवरच्या माणसानं तिचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि मान हलवली. "हा फोटो तुमचा वाटत नाही."

"माझाच हाय, साहेब."

"यात गाल आहेत."

"तो ॲडमिशनचा. हा आत्ताचा. मधी कोर्स झाला, साहेब."

तीनदा हेलपाटे घातले. तिसऱ्या वेळी मी सोबत गेलो, पत्रकाराचं कार्ड दाखवलं, आवाज चढवला. खिडकी जेवणासाठी बंद झाली. जेवण झाल्यावर दुसरा माणूस बसला होता. त्यानं फोटोंकडे पाहिलंच नाही, सरळ शिक्का मारला!

* * *

सरकारी भरतीची परीक्षा दिली आणि निकालाची वाट बघत ती एका खासगी दवाखान्यात लागली. मालक हाडांचे डॉक्टर. बोलायला एकदम गोड. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ओरिजिनल सर्टिफिकेटं इथं ठेव. सुरक्षित राहतील." बाकीच्या सिस्टर्सचीही होती. ही शहरातली जुनी पद्धत : कागद अडकले की पोरगी अडकते.

सरकारी ऑर्डर आली. गगनबावडा! पावसानं कपडे वाळत नाहीत अशा जागी नेमणूक, पण पोरगी घरभर नाचली. सोमवारी रुजू व्हायचं, मूळ कागद दाखवल्याशिवाय घेणार नाहीत. डॉक्टर म्हणाले, "बदली सिस्टर मिळू दे, मग बघू."

मी फोन केला. "कागद तिचे आहेत, तुम्ही ठेवताच कसे?"

"अहो, हरवू नयेत म्हणून!"

"मग तुमची डिग्री माझ्याकडे पाठवा. मीही जपून ठेवतो."

ते मनमोकळे हसले आणि फोन ठेवला. मी छापायची धमकी दिली असती, पण पेपरात दर रविवारी त्यांची गुडघ्यांची जाहिरात येते. संपादकांकडे जागा नसणार हे मला आधीच ठाऊक होतं. विलासचा फोन आला : "दादा, त्या पोराच्या आईनं परत विचारलंय."

शनिवारी सकाळी भांडायच्या तयारीनंच दवाखान्यात गेलो. डॉक्टर वरच्या मजल्याचं बांधकाम बघायला गेले होते. मी केबिनमध्ये ठाण मांडून बसलो. थोड्या वेळानं ते लंगडत आत आले, चपलेतून खिळा घुसलेला. रक्त फार नव्हतं, पण धनुर्वाताचं इंजेक्शन हवंच.

दिवसभर लोकांच्या हाडांत ड्रिल घालणारा माणूस सुईच्या नुसत्या नावानं पांढरा पडला! "सुजातालाच बोलवा. दुसरं कुणी नको. आणि दंडात नको, सोमवारी ऑपरेशन आहे, हात दुखेल. कमरेत दे."

ती ट्रे घेऊन आली. मला बघितलं. तपासायच्या टेबलाभोवतीचा पडदा ओढला. मला अलीकडं नुसतं ऐकू येत होतं.

"कुशीवर व्हा, सर. पॅन्ट जरा खाली. बास."

"हळू हं, सुजाता."

"व्हय, सर."

स्पिरिटचा वास आला.

"झालं?"

"अजून न्हाई. सर, माझी ओरिजिनल सर्टिफिकेटं कुठं असत्यात?"

पडद्याआड टेबल करकरलं.

"ते नंतर बोलू की गं. आधी इंजेक्शन दे."

"देतो की, सर. म्या कुठं न्हाई म्हटलं? नुसतं विचारलं."

"इथंच... लोखंडी कपाटात."

"आणि किल्ली?"

"रिसेप्शनच्या मुलीकडे. अगं, सुई कुठं आहे?"

"हातात हाय की, सर. काका, ऐकलंसा न्हवं?"

"ऐकलं!" मी केव्हाच उठून दाराशी पोचलो होतो.

"बरं झालं. सर, आता अंग सैल सोडा."